आम्ही तिथे नव्हतो

माझ्या प्रतीतल्या एका पानाच्या समासात पेन्सिलीची तीन प्रश्नचिन्हं आहेत. पहिलं कॉलेजात असतानाचं, घाईत ओढलेलं, खालचा ठिपका द्यायचाही राहून गेलेला. दुसरं त्यानंतर आठ-नऊ वर्षांचं, जरा दाबून काढलेलं. तिसरं गेल्या महिन्यातलं. तिन्ही एकाच संवादापुढे आहेत आणि तिन्ही वेळा मला पडलेला प्रश्न वेगळा होता.

पान आहे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेच्या पहिल्या खंडातलं, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मधलं. ज्यांना ही मालिका वाचायची आहे आणि त्यातलं रहस्य आधी कळायला नकोय, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. पुढे मी काहीच झाकून ठेवणार नाही.

उत्तरेचा सरदार नेड स्टार्क पाय मोडून तापाने फणफणलाय. त्या गुंगीत त्याला एक जुनंच स्वप्न पुन्हा पडतं. पांढऱ्या झग्यांतले तीन सरदार, केव्हाच कोसळलेला एक बुरूज, आणि रक्ताच्या शय्येवर पडलेली त्याची बहीण लियाना. राजाविरुद्धचं युद्ध नेडच्या बाजूने जिंकून संपलंय. नेड सहा साथीदार घेऊन त्या बुरुजापाशी पोचलाय. समोर किंग्सगार्डचे, म्हणजे राजाच्या शपथबद्ध अंगरक्षकांपैकी, तिघे: आर्थर डेन, ऑसवेल व्हेन्ट आणि म्हातारा जेरॉल्ड हायटॉवर. थोड्याच वेळात तलवारी उपसल्या जाणार आहेत आणि दहांतले दोघंच जिवंत परतणार आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं ते बोलतात. बोलणं मात्र अगदी शांत. ट्रायडेंटच्या लढाईत मी तुम्हाला शोधत होतो, नेड म्हणतो. ‘आम्ही तिथे नव्हतो,’ जेरॉल्ड सांगतो. राजधानी पडली, तुमच्या राजाला त्याच्याच रक्षकाने मारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? लांब होतो. स्टॉर्म्स एंडचा वेढा उठला, सगळ्यांनी गुडघे टेकले, मला वाटलं त्यांत तुम्ही असाल. आमचे गुडघे सहज वाकत नाहीत. सर विलेम डॅरी तुमच्या राणीला आणि राजपुत्र व्हिसेरिसला घेऊन ड्रॅगनस्टोनला निसटला, तुम्हीही त्याच्यासोबत गेला असाल असं वाटलं होतं. विलेम भला माणूस आहे, पण तो किंग्सगार्डचा नाही. किंग्सगार्ड पळत नाही.

मग आर्थर डेन म्हणतो, आता सुरू होतंय. नेड म्हणतो, नाही, आता संपतंय. त्याच्या आवाजात खंत आहे.

पहिल्या वाचनात मला यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं. ट्रायडेंट कुठे, स्टॉर्म्स एंड कुठे, राजा कोण, राणी कोण, याचाच मेळ लागत नव्हता. तरी त्या पानावरून हलवेना. भाषा न कळणाऱ्या गाण्यातही गाणारा रडतोय हे कळतं, तसं काहीसं. इथे काहीतरी फार मोठं घडतंय आणि ते मला कोणी सांगत नाहीये, एवढंच उमगलं होतं. ते पहिलं प्रश्नचिन्ह.

दुसऱ्या वाचनात गोष्ट माहीत होती. २०१६ मध्ये या पुस्तकांवरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या सत्राच्या शेवटी तो बुरूज उघडला आणि आत काय होतं ते जगाने पाहिलं: लियाना नुकतीच बाळंत झालेली, आणि ते मूल म्हणजे जॉन स्नो, ज्याला नेडने आयुष्यभर स्वतःचा अनौरस मुलगा म्हणून वाढवलं. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. पुस्तकाने स्वतःच्या तोंडून ही गोष्ट अजून सांगितलेली नव्हती. १९९६ साली पहिला खंड आला, २०११ मध्ये पाचवा, आणि हे लिहितेय तोवर सहावा आलेला नाही. उत्तर बाहेरून कळलं, आता पुन्हा वाचण्यात काय राम, असं वाटलं होतं.

झालं उलटंच. उत्तर हाताशी ठेवून वाचायला बसले तेव्हा पहिल्यांदा त्या तिघांचं आणि नेडचं बोलणं मला ऐकू आलं. ते कोड्यात बोलतच नव्हते. एकमेकांशी अगदी सरळ बोलत होते. बुरुजात कोण आहे हे त्या तिघांना माहीत आहे, नेडला त्याचा पुरता अंदाज आहे, मग कोणी कोणाला काय समजावून सांगायचं? नेड चार ठिकाणांची नावं घेतो. पाचवं ठिकाण, जिथे ते आत्ता उभे आहेत, त्याचं नाव कोणाच्याच तोंडी येत नाही. तुम्ही इथे काय करताय, हा एकच प्रश्न साऱ्या संवादात विचारलेला नाही.

या पानाचा खल वाचकांनी वर्षानुवर्षं केलाय, त्यामुळे मी काही नवा शोध लावला असं नाही. पण एक गोष्ट मला माझ्या वाटेने सापडली आणि ती वाट मराठीची होती. एका रात्री झोप येईना म्हणून मी तो संवाद वहीत मराठीत उतरवायला घेतला. दीड पानाचं काम. तीन रात्री लागल्या.

पहिली अडचण ‘युअर किंग’ची. मराठीत ‘तुमचा’, ‘आमचा’ आणि ‘आपला’ ही तीन वेगळी घरं आहेत, इंग्रजीत तिसरं घरच नाही. हे चौघे एकाच राज्यातले, काही काळापूर्वी एकाच राजाचे. नेड ‘आपला राजा’ म्हणू शकला असता. पण त्या राजानेच त्याच्या वडिलांना आणि भावाला मारलं होतं. लिहिताना हात आपोआप ‘तुमचा’वर गेला, आणि मग लक्षात आलं की सगळ्या संवादात ‘आपला’ हा शब्द मी एकदाही वापरू शकलेले नाही. जिथे तिथे तुमचा नाहीतर आमचा. युद्ध त्या सर्वनामांत उभं होतं.

दुसरी अडचण व्हिसेरिसची. राजा मेलाय. थोरला राजपुत्र ऱ्हेगार मेलाय, त्याचा लहानगा मुलगाही मारला गेलाय. मग या तिघांच्या लेखी राजा कोण? ड्रॅगनस्टोनला गेलेला व्हिसेरिस. नेड त्याला ‘राजपुत्र’ म्हणतो ते ठीक, तो शत्रुपक्षाचा आहे. पण हे तिघे? राजाचं रक्षण हे ज्यांचं एकमेव व्रत, ते ‘राजपुत्र नव्हे, महाराज म्हण’ असं फटकारत का नाहीत? मी वहीत ‘राजपुत्र’ लिहिलं, मग आदरार्थी बहुवचन करावं का म्हणून पेन अडलं, आणि तिथेच ते चमकून गेलं. ते दुरुस्त करत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने व्हिसेरिस राजा नाहीच. राजा त्यांच्या पाठीशी, बुरुजात आहे. ऱ्हेगार आणि लियानाचा मुलगा, काही दिवसांचा.

आणि शेवटचं ते ‘इट’. इंग्रजीत निदान एक शब्द तरी आहे, बोट ठेवून विचारता येतं की हे ‘इट’ म्हणजे काय. मराठीत तोही गळून पडतो. ‘आता संपतंय.’ काय संपतंय? क्रियापदाच्या शेपटीला नपुंसकलिंग तेवढं उरतं.

लहानपणी आमच्या घरात आई आणि मावशी असंच बोलायच्या. मी जवळच काहीतरी चाळत बसलेली असायचे. ‘त्याचं काही?’ आई विचारायची. ‘काही नाही,’ मावशी म्हणायची, आणि दोघी गप्प व्हायच्या. मला वाटायचं, मी आहे म्हणून त्या सांकेतिक बोलतायत. फार वर्षांनी कळलं की त्यांना एक धाकटा भाऊ होता, घरातून भांडून गेलेला, परत न आलेला. आणि हेही कळलं की मी नसतानाही त्या तेवढंच बोलायच्या. त्यांना मुळी त्याहून जास्त शब्दांची गरजच नव्हती. कोडं माझ्यासाठी होतं, त्यांच्यासाठी ते पूर्ण वाक्य होतं.

हे आठवल्यापासून मी गूढ संवादांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. माझा पहिला प्रश्न आता असतो: हे बोलणं कोणापासून लपवलेलं आहे? समोरच्या पात्रापासून, तिथे हजर असलेल्या तिसऱ्यापासून, की फक्त माझ्यापासून?

आपल्याकडे याचा सगळ्यात सुंदर नमुना महाभारताच्या आदिपर्वात आहे. पांडव वारणावताला निघालेत. तिथे लाखेचं घर त्यांची वाट बघतंय, हे विदुराला कळलंय, पण चारचौघांत बोलायची सोय नाही. तो युधिष्ठिराला सांगतो ते साधारण असं: एक शस्त्र आहे, ते लोखंडाचं नाही, पण शरीर कापतं. जे वाळलेलं रान जाळतं आणि थंडी घालवतं, ते बिळात राहणाऱ्याला जाळू शकत नाही. साळिंदरासारखं घर करणारा निसटतो. हिंडून वाटा कळतात, नक्षत्रांवरून दिशा कळतात. युधिष्ठिर एवढंच म्हणतो की समजलं. मग पुढे कुंती त्याला जे विचारते, त्यावर माझा फार जीव आहे. विदुर लोकांमध्ये न बोलल्यासारखं काहीतरी बोलला, तू हो म्हणालास, आम्हाला मात्र काही कळलं नाही. ऐकण्यासारखं असेल तर सांग. आणि युधिष्ठिर तिला अर्थ सांगतो.

न बोलल्यासारखं बोलणं! त्या एका शब्दयोजनेत अख्खा विषय आहे. विदुर कोड्यात बोलतो कारण उघड बोलणं म्हणजे मरण. त्याच्या कोड्याला कारण आहे, आणि ते कारण गोष्टीच्या आतलं आहे. पुढे सुरुंग खणणारा माणूस येतो, तेव्हा त्याच बोलण्याची आठवण खूण म्हणून वापरतो. म्हणजे त्या गूढ वाक्यांना गोष्टीत काम आहे, ती नुसती नक्षी नाही. आणि कुंती म्हणजे आपण, पहिल्यांदा वाचणारे. पुन्हा वाचताना आपण कुंतीच्या जागेवरून उठून युधिष्ठिराशेजारी जाऊन बसतो.

मार्टिन यांच्या मालिकेतही प्रत्येक गूढ संवाद या तोलाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लाल लाखेचा मुखवटा घालणारी क्वेथ ऱ्हेगारच्या धाकट्या बहिणीला, डेनेरिसला, सांगते की उत्तरेला जायचं तर दक्षिणेला जा, पुढे जायचं तर मागे जा. पाचव्या खंडात ती पुन्हा येते आणि कोण कोण येणार ते सांगते: फिकट घोडी, समुद्रराक्षस, काळी ज्वाळा, सिंह, सूर्याचा पुत्र, आणखी काही. पुन्हा वाचताना ही यादी भराभर सुटते. फिकट घोडी म्हणजे साथीचा रोग, सिंह म्हणजे टिरियन, सूर्याचा पुत्र म्हणजे डोर्नचा क्वेंटिन. सुटली की मजा येते, नाही असं नाही. पण सुटल्यावर हाती काही उरत नाही. क्वेथला सरळ बोलायला कोणाची आडकाठी होती हे मला तिसऱ्या वाचनातही सापडलेलं नाही. ती डेनेरिसच्या खांद्यावरून माझ्याशी बोलते आहे, असंच वाटत राहतं.

त्या मानाने चौथ्या खंडातला म्हाताऱ्या आंधळ्या मेस्टर (त्या जगातला विद्वान-वैद्य) एमनचा उलगडा मला अतिशय आवडतो. एका भाकितातल्या राजपुत्राची लोक शतकानुशतकं वाट बघतायत, आणि शंभरी ओलांडलेला हा माणूस मरणपंथाला लागल्यावर जॉनच्या मित्राला, सॅमला, सांगतो की चूक भाषांतरात झाली. ड्रॅगन नरही नसतो, मादीही नसते. मुलीचा विचार कोणी केलाच नाही. मराठी वाचकाला यातली वेदना चटकन पोचते. ‘ते मूल’, ‘ते बाळ’ असं आपण रोज म्हणतो, आणि बाळ मोठं झालं की निमूटपणे ‘तो’ किंवा ‘ती’ करून टाकतो. कोणीतरी कधीतरी त्या भाकितातल्या ‘ते’चा ‘तो’ केला आणि मागून आलेले सगळे चुकीच्या दारावर पहारा देत बसले.

पण मला परत नेडकडेच यायचंय, कारण तिसऱ्या वाचनात जो मला खरा दिसला तो नेड.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो आणि त्या युद्धानंतर गादीवर आलेला राजा रॉबर्ट घोड्यावरून लांब रपेट मारायला जातात. जुने मित्र, मोकळं माळरान. रॉबर्ट थट्टेत विचारतो, तुझ्या त्या पोराच्या आईचं नाव काय रे? विला, नेड थंडपणे सांगतो, आणि तिच्याविषयी बोलायची माझी इच्छा नाही. दिसायला कशी होती ते तू कधी सांगितलं नाहीस, रॉबर्ट म्हणतो. सांगणारही नाही, नेड म्हणतो. पहिल्यांदा वाचताना मला यात लाज दिसली होती. एका सचोटीच्या माणसाची एकच चूक, तिच्यावरची खपली. आता वाचलं आणि पोटात गोळा आला. कारण त्याच रपेटीत रॉबर्टच्या हातात एक पत्र आहे. परदेशात लपलेल्या डेनेरिसचं लग्न झालंय, पोर अजून कोवळी आहे, आणि रॉबर्टला तिच्यावर मारेकरी घालायचेत, कारण ती ऱ्हेगारची बहीण. ऱ्हेगारच्या बहिणीला जो सोडायला तयार नाही, तो ऱ्हेगारच्या मुलाचं काय करेल? नेड त्याच्या शेजारी घोड्यावर बसलाय आणि तो मुलगा चौदा वर्षं नेडच्या घरात वाढलाय. ती लाज नव्हती. ती भीती होती, आणि ती त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राची भीती होती.

बायकोशीही तो तसाच वागतो. कॅटलिन एकदाच जॉनबद्दल विचारते, आणि तो बर्फासारखा गार होऊन सांगतो की जॉनविषयी मला पुन्हा कधी विचारू नकोस. तो माझं रक्त आहे, एवढं तुला पुरे. माझा मुलगा आहे, असं तो म्हणत नाही. हे मी वहीत ‘माझ्या रक्ताचा आहे तो’ असं लिहिलं. त्यात मुलगाही बसतो आणि बहिणीचा मुलगाही. बायकोशी खोटं न बोलता खरंही न सांगण्याची एवढीच जागा त्याच्याकडे होती, आणि तेवढ्या जागेत तो चौदा वर्षं राहिला. मराठीत त्या नात्याला दोन अक्षरांचा शब्द आहे, भाचा. नेडने जॉनविषयी जे काही बोललंय आणि जे काही मनात आणलंय त्यात तेवढाच शब्द नाही.

मनात आणलंय, हे मुद्दाम लिहिलं. कारण बुरुजापाशी झालेला तो संवाद शेवटी आहे कुठे? तापातल्या स्वप्नात. पहिल्या दोन वाचनांत मी हे विसरूनच गेले होते. मी त्याला घडलेली गोष्ट समजून त्यातला शब्दन् शब्द उकलत बसले. प्रत्यक्षात ते चौघे काय बोलले असतील कोण जाणे. आपण ऐकतो ते नेडच्या डोक्यात, त्याच्या झोपेत चाललेलं बोलणं. विचारणारा तो, उत्तरं देणारे तिघेही तोच. तिथे तिसरं कोणी ऐकायला नाही. आई नि मावशीसारखं दुसरं कोणी जाणतंसुद्धा नाही. एवढं असूनही तो त्या मुलाचं नाव घेत नाही. तापाने भान हरपलेलं असताना, स्वतःच्या स्वप्नातसुद्धा, पाचव्या ठिकाणाच्या दाराला हात लावत नाही. ते तिसरं प्रश्नचिन्ह काढताना माझे डोळे भरून आले होते. हा माणूस कधी झोपला असेल का?

‘रक्ताची शय्या’ हे शब्दही तसेच. पहिल्यांदा मला वाटलं, लियाना कुठल्याशा जखमेने गेली. मग त्याच पुस्तकात, समुद्रापलीकडे, दुसऱ्याच कथानकात मिरी माझ दुर नावाची वैदू डेनेरिसला सांगते की रक्ताळलेल्या शय्येची सगळी गुपितं मला ठाऊक आहेत, माझ्या हातून एकही मूल दगावलेलं नाही. म्हणजे त्या जगात ही बाळंतपणाची बोली आहे. किल्ली एका कथानकात आणि कुलूप दुसऱ्या कथानकात ठेवलंय, आणि दोघांची गाठ फक्त वाचकाच्या डोक्यात पडू शकते.

उरलं ते वचन. ‘मला वचन दे, नेड.’ लियानाचं हे वाक्य नेडच्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. अगदी सुरुवातीला, तळघरातल्या तिच्या थडग्यापाशी, तो रॉबर्टला सांगतो की तिला घरी यायचं होतं, भावाशेजारी, वडिलांशेजारी. वाचकाला वाटतं, हेच ते वचन. पण तिथेच मार्टिन यांनी लिहून ठेवलंय की नेडने शब्द दिला तेव्हा बहिणीच्या डोळ्यांतली भीती गेली. भीती! माणूस मरताना इथे पुरा की तिथे पुरा यासाठी गयावया करेल, पण त्याची इतकी भीती बाळगेल? हे ओळखायला मला तीन वाचनं लागली.

आणि मग, आणखी पुढे, पावसात घोड्यावरून परतताना नेड मनाशी म्हणतो की रॉबर्ट शपथा घेऊन संध्याकाळपर्यंत विसरतो, मी मात्र पाळतो. त्याला आठवतात ती मरणाऱ्या लियानाला दिलेली वचनं, आणि ती पाळण्यासाठी मोजलेली किंमत.

वचनं. अनेकवचन आहे. इतकी वर्षं मी हे एकवचनात वाचत आले. एक घरी आणून पुरण्याचं, दुसरं बाळाला रॉबर्टपासून वाचवण्याचं. बहुवचनाला दोन पुरतात, हे मान्य. पण नेड ज्या सुरात ‘किंमत’ म्हणतो, त्यात दोन मावत नाहीत असं मला वाटत राहतं. बाळाचं खरं नाव सांगण्याचं वचन होतं का? कधी सांगायचं, कोणाला सांगायचं? की कधीच सांगायचं नाही असं? नेड तर राजधानीतच मेला, जॉनशी ते बोलणं राहूनच गेलं. बुरुजापासून जिवंत परतलेला दुसरा माणूस, हाउलँड रीड, पाच खंडांत एकदाही समोर आलेला नाही.

मी त्या पानावरही पेन्सिल टेकवली. या खेपेला प्रश्नचिन्ह काढलं नाही. शब्दाच्या शेवटच्या ‘एस’ या अक्षराखाली बारीकशी रेघ ओढली, आणि पुस्तक उघडंच ठेवून उठले.